शाई वाळायच्या आत : मोझार्टच्या डी मायनर कॉन्चेर्टोची पार्श्वभूमी

शुक्रवार, 11 फेब्रुवारी 1785. साल्झबुर्गहून निघालेले लिओपोल्ड मोझार्ट दुपारी एकच्या सुमारास व्हिएन्नात मुलाकडे पोहोचले. संध्याकाळी मुलाची मैफल, आणि नकलनवीस अजून वादकांच्या प्रती उतरवतोय! त्या तपासण्यातच वोल्फगांगचा वेळ गेला. शेवटचा भाग, रोंडो (मुख्य धून पुन्हा पुन्हा परतते अशी रचना), एकदा वाजवून बघायलाही त्याला सवड मिळाली नाही. लिओपोल्डनी ही हकिकत लेकीला, नानेर्लला, पत्रातून कळवली. आदल्याच दिवशी पुरी झालेली ही रचना म्हणजे पियानो कॉन्चेर्टो क्रमांक 20, केखेलच्या मोझार्ट-सूचीत 466. कॉन्चेर्टो म्हणजे एक मुख्य वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना.

घाईचं कारण हंगामात होतं. ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या दिवसांत व्हिएन्नात नाटकं-ऑपेरा बंद असत आणि गाण्या-बजावण्याची हौस मैफलींवर भागवली जाई. मोझार्टने सहा शुक्रवार मेलग्रूबं या सभागृहात वर्गणीच्या मैफली ठेवल्या. दीडशेवर वर्गणीदार, माणशी तीन डुकाट, म्हणजे सोन्याची नाणी. सभागृहाच्या नावाचा अर्थ ‘पिठाचं कोठार’. खाली पीठ साठवायचे, वर उमराव जमायचे.

हा हिशेब मुद्दाम सांगितला, कारण डी मायनर, म्हणजे उदास, गडद भासणारी स्वरपट्टी, ऐकलं की लोकांना लगेच मोझार्टच्या आयुष्यातलं दुःख शोधावंसं वाटतं. प्रत्यक्षात तो तेव्हा भरभराटीत होता. घरभाडंच वर्षाला 460 गुल्डन. दुसऱ्या दिवशी त्याच घरात त्याची क्वार्टेट (चार तंतुवाद्यांच्या रचना) ऐकून ज्येष्ठ संगीतकार हायडनने लिओपोल्डना सांगितलं, की माझ्या माहितीत तुमच्या मुलाइतका थोर संगीतकार दुसरा नाही. तेव्हा हा काळोख घरातून आलेला नाही, तो रचलेला आहे; आणि मला तरी हेच जास्त थक्क करणारं वाटतं.

त्या काळी कॉन्चेर्टो म्हणजे उजळ, मिरवणारी चीज. मोझार्टच्या पियानो कॉन्चेर्टोंना एकूण 27 क्रमांक आहेत, त्यांतले मायनरमधले दोनच : हा, आणि पुढच्या वर्षीचा सी मायनर. या कॉन्चेर्टोच्या सुरुवातीला तर धून अशी नाहीच. व्हायोलिन आणि व्हिओला ठोक्याच्या अधेमधे, दबक्या आवाजात धडधडत राहतात; खालून चेलो-बास तीन-तीन सुरांचा छोटा हिसका देतात. कुठेतरी काही शिजतंय एवढंच कळतं. मग सगळा वाद्यवृंद कोसळतो, ट्रम्पेट आणि टिंपनी या नगाऱ्यांसकट. आता पियानोने हाच धागा उचलावा, तर तो येतो एकटा, वाद्यवृंदाने न वाजवलेलं काहीतरी घेऊन, जवळजवळ बोलल्यासारखा. आपल्याकडे कॉन्चेर्टोला सर्रास ‘जुगलबंदी’ म्हणतात. इथे ते बसत नाही. दोघं बराच वेळ एकमेकांच्या विषयावर बोलतच नाहीत.

दुसरा भाग, रोमान्स, बी फ्लॅट मेजर या उजळ पट्टीत. सुरुवात इतकी साधी, की शिकाऊ हातालाही जमेल असं वाटावं. पण मध्येच जी मायनरचं वादळ उठतं आणि पियानो घाईघाईने वर-खाली धावू लागतो. वाजवून न बघितलेला तो रोंडो पियानोच्या झेपेने उसळतो आणि शेवटी, केडेन्झानंतर, म्हणजे वादकाच्या एकट्याच्या वाजवण्यानंतर, डी मेजरच्या उजेडात येतो. हा शेवट काहींना तडजोड वाटतो. मला नाही वाटत : ट्रम्पेटची ती खट्याळ तुतारी ऐकली की हसू येतंच.

एकोणिसाव्या शतकात मोझार्टचे बरेच कॉन्चेर्टो मागे पडले, हा मात्र टिकला. त्या पिढीला हवं असलेलं वादळ त्यात तयार होतं. केडेन्झाच्या जागी वाद्यवृंद थांबतो आणि वादक एकटाच वाजवतो. मोझार्ट स्वतः त्या जागी काय वाजवायचा, ते लिहिलेलं उरलेलं नाही. 31 मार्च 1795 रोजी, मोझार्टच्या विधवेने, कोन्स्टान्झने, ठेवलेल्या मैफलीत मोझार्टचा एक कॉन्चेर्टो वाजवला चोवीस वर्षांच्या बेटहोव्हेनने; तो हाच, असं मानलं जातं. पुढे त्याने याच्या पहिल्या आणि शेवटच्या भागासाठी केडेन्झा लिहून काढल्या. पुढच्या पिढ्यांतले संगीतकार ब्राम्स आणि पियानोवादक क्लारा शुमान यांनीही आपापल्या लिहिल्या, पण आजही बहुतेक वादक त्या रिकाम्या जागी बेटहोव्हेनच वाजवतात.