एलिझाबेथचं माहेर

अमेरिकेतल्या प्लिमथ गावात टेकडीवर एक जुनी दफनभूमी आहे. 1620 साली इंग्रजांची वसाहत वसवायला 'मेफ्लॉवर' जहाजातून आलेल्या जॉन हाऊलंडच्या स्मरणार्थ त्याच्या वंशजांनी तिथे एक दगड उभारला. हा हाऊलंड मोठा नशीबवान. वाटेत वादळात तो समुद्रात पडला आणि पाण्यात लोंबणारा शिडाचा दोर हाती लागला म्हणून वाचला. दगडावर त्याची बायको एलिझाबेथ हिची ओळखही कोरली होती : वसाहतीचा पहिला गव्हर्नर जॉन कार्व्हर याची मुलगी.

ती कार्व्हरची मुलगी नव्हती. पण पिढ्यानपिढ्या घरोघरी तेच सांगितलं जात होतं, आणि त्यामागे कारणही होतं. हाऊलंड कार्व्हरच्याच घरात नोकर म्हणून आला होता. 1621 मध्ये कार्व्हर नवरा-बायको पाठोपाठ वारले. विश्वासू तरुण, मालकाची लेक, दोघांचं लग्न : गोष्ट इतकी नीट जुळते की तपासावंसंही कुणाला वाटलं नाही.

गोष्ट मोडली ती एका हरवलेल्या हस्तलिखितानं. कार्व्हरनंतर गव्हर्नर झालेल्या विल्यम ब्रॅडफर्डनं वसाहतीचा इतिहास स्वतःच्या हातानं लिहून ठेवला होता. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत तो बॉस्टनमधून नाहीसा झाला आणि 1855 मध्ये थेट लंडनच्या बिशपच्या फुलहॅम इथल्या ग्रंथालयात सापडला. दुसऱ्याच वर्षी तो छापला गेला. त्याच्या शेवटी जहाजावरच्या माणसांची कुटुंबवार यादी आहे, आणि तीस वर्षांनी कोण उरलं, कुणाला किती मुलं झाली हेही दिलं आहे. त्यात सरळ लिहिलंय की हाऊलंडनं जॉन टिली याच्या मुलीशी, एलिझाबेथशी, लग्न केलं; त्यांना दहा मुलं आहेत आणि सगळी हयात आहेत. टिली, त्याची बायको, भाऊ आणि भावजय अशी चौघंही पहिल्याच हिवाळ्यात गेली होती. एलिझाबेथ तेव्हा तेरा वर्षांची होती.

एवढा पुरावा हाती आला तरी गव्हर्नरशी जोडलेलं नातं सोडायला काहींचं मन होईना. मग तोडगा निघाला : टिलीची बायको कार्व्हरची मुलगी असेल, म्हणजे एलिझाबेथ त्याची नात! पुराव्यात बसत नाही म्हणून आवडती गोष्ट न टाकता तिलाच ठिगळ लावायचं, हा प्रकार वंशावळीच्या अभ्यासात पावलोपावली भेटतो.

हे ठिगळ उसवलं ते इंग्लंडमधल्या हेन्लो गावच्या चर्चच्या वहीनं. बेडफर्डशरमधल्या या नोंदी रॉबर्ट ली वॉर्ड या अभ्यासकानं 1976 मध्ये प्रसिद्ध केल्या. 30 ऑगस्ट 1607 ला तिथे एलिझाबेथचा बाप्तिस्मा झाला होता. तिच्या आईवडिलांचं लग्न 1596 चं, आणि आईचं नाव जोन. ही जोन जन्मानं हर्स्ट. टिलीच्या आधी तिचं एक लग्न झालं होतं आणि पहिला नवरा रॉजर्स वारला होता. म्हणजे टिलीशी लग्न करताना वधू होती 'जोन रॉजर्स'. पहिल्या लग्नाची नोंद पाहिली नसती तर रॉजर्स हेच तिचं माहेर ठरलं असतं.

त्या नोंदी वाचताना तारखाही जपून घ्याव्या लागतात. इंग्रजांचं नवं वर्ष 1752 पर्यंत 25 मार्चला सुरू होई. म्हणून हाऊलंडचा मृत्यू 23 फेब्रुवारी 1672/73 असा लिहितात : त्यांच्या हिशेबानं 72, आपल्या हिशेबानं 73. हे विसरलं की मूल आईबापांच्या लग्नाआधी जन्मलेलं दिसू लागतं.

अमेरिकेतल्या लग्नांच्या नोंदींची अडचण वेगळीच. तिथे आलेल्या या इंग्रजांना सरसकट प्युरिटन म्हणतात, पण काटेकोर बोलायचं तर प्लिमथची मूळ मंडळी इंग्लंडच्या चर्चमधून फुटून निघालेली होती. चर्चमध्येच राहून ते शुद्ध करू पाहणारे प्युरिटन 1630 पासून बॉस्टनच्या बाजूला मोठ्या संख्येनं उतरले. लग्नाबद्दलचं मत मात्र दोघांचंही एकच. लग्न हा चर्चचा संस्कार नसून मुलकी करार आहे, आणि तो न्यायाधिकाऱ्यापुढे व्हायचा. त्यामुळे तिथल्या लग्नाची नोंद चर्चच्या वहीत शोधून फायदा नाही. उरतात मृत्युपत्रं, जमिनीचे व्यवहार, पत्रं. त्यांतही बाई येते ती 'माझी प्रिय पत्नी मेरी' एवढीच.

मग शोधणारा नावाला नाव जोडू लागतो, आणि तिथेच फसतो. सुझॅना व्हाइटचंच पाहा. जहाज केप कॉडच्या बंदरात उभं असताना तिनं मुलाला जन्म दिला. तिच्या नवऱ्याचं नाव विल्यम व्हाइट. हॉलंडमधल्या लायडन शहरात 1612 मध्ये एका विल्यम व्हाइटनं अ‍ॅना फुलर हिच्याशी लग्न केल्याची नोंद होती. अ‍ॅना म्हणजेच सुझॅना, असं ठरवून तिला फुलर करून टाकलं. पण विल्यम व्हाइट हे नाव तेव्हा इतकं सर्रास होतं, की त्यावरून माणूस एकच आहे असं म्हणणं धाडसाचं.

खरा धागा वेगळ्याच ठिकाणी होता. विल्यम वारल्यावर 1621 मध्ये सुझॅनानं एडवर्ड विन्स्लोशी लग्न केलं. त्यानं 1623 मध्ये इंग्लंडला रॉबर्ट जॅक्सन नावाच्या गृहस्थाला पत्र पाठवलं आणि त्यांना 'अंकल' म्हटलं. आता हा अंकल कोण? काका, मामा, मावशीचा नवरा, आत्याचा नवरा, की बायकोच्या नात्यातला कुणी? विन्स्लो मराठीत लिहिता, तर 'चुलतसासरे' या एका शब्दानं अभ्यासकांची कितीतरी वर्षं वाचली असती! अलीकडच्या संशोधनाचा कौल मात्र सुझॅना ही इंग्लंडमधल्या स्क्रूबी गावच्या रिचर्ड जॅक्सनची मुलगी, याच बाजूनं आहे.

डीएनए तपासून हा घोळ मिटणार नाही का, असं सगळेच विचारतात. दहा पिढ्या मागे गेलं तर पूर्वजांच्या जागा होतात 1024. दर पिढीत डीएनएचे तुकडे कापले-जोडले जातात आणि निम्मेच पुढे जातात. त्यामुळे त्या 1024 पैकी जवळपास निम्म्यांचा एकही तुकडा आपल्या अंगात नसतो. मायटोकॉन्ड्रियाचं तसं नाही. पेशीतल्या या ऊर्जाकेंद्रांचा स्वतःचा, सुमारे 16,569 अक्षरांचा, छोटासा डीएनए असतो. तो आईकडून मुलांना मिळतो आणि पुढे फक्त मुलींमधून चालत राहतो. एलिझाबेथच्या दहा मुलांत सहा मुली होत्या. डिझायर आणि होप या तिच्या दोन मुलींच्या, लेकीकडून लेकीकडे आलेल्या आजच्या वंशजांचा हा डीएनए जुळायला हवा. जुळला नाही, तर कागदावरची एखादी कडी तुटकी आहे. जुळला तरी त्यानं आडनाव कळत नाही, कारण हा डीएनए फार सावकाश बदलतो आणि एकसारखा डीएनए असंख्य अनोळखी माणसांत सापडतो. म्हणून त्याचा खरा उपयोग चुकीचं माहेर खोडण्यासाठी. आडनाव कागदच सांगणार.

'मेफ्लॉवर'वरची मेरी ब्रूस्टर अजून त्या कागदाची वाट पाहते आहे. प्लिमथच्या मंडळींचे वडीलधारे विल्यम ब्रूस्टर यांची ती बायको. पेशन्स, फिअर, लव्ह आणि रेसलिंग, म्हणजे सबुरी, भय, प्रेम आणि झुंज, अशी तिच्या मुलांची नावं. कित्येक वंशवृक्षांत तिचं माहेर वेंटवर्थ म्हणून ठोकून दिलेलं आहे. लग्नाची नोंद मात्र कुठेच नाही. पेशन्सला मुली होत्या, त्यामुळे मेरीचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए आजही कुणाच्या थुंकीच्या नळीत मिळू शकेल. पण तो जुळवायचा कुणाशी, इंग्लंडमधली तिची बहीण कोण, हे ठरवायलाही आधी तिचं माहेरच माहीत हवं. काळजीपूर्वक काम करणारे अभ्यासक तिच्या नावापुढे एक लांब रेघ ओढतात आणि ती जागा मोकळी ठेवतात.