तो लाल पाणी मोरीत ओतू नका, रंग त्यातच आहे

रंग करायला आमच्याकडून गेरूचे (लाल मातीचे) किंवा पेवडीचे (पिवळ्या मातीचे) दगड नेले की आठ दिवसांत बऱ्याच जणांचा फोन येतो, रंग खरखरीत झालाय, ब्रश फिरवला की कागदावर वाळू येतेय, माल खराब आहे का. माल खराब नसतो हो. धुताना एक चूक होते, आणि जवळजवळ सगळ्यांची तीच, म्हणून हा कागद आता प्रत्येक पाकिटात टाकतोय.

कुटणं सगळ्यांना जमतं, फक्त खलबत्ता स्वयंपाकातला नको आणि तोंडाला मास्क हवा, कारण त्या कोरड्या धुळीत अगदी बारीक रेती असते आणि ती छातीत गेलेली बरी नाही. अडतं ते पुढे. भुकटी बादलीत घातली, पाणी ओतलं, ढवळलं की आपला हात सवयीने तांदूळ धुतल्यासारखा चालतो, वरचं पाणी मोरीत आणि तळाला राहील ते ठेवायचं. इथे बरोबर उलटं आहे. तळाला बसते ती वाळू, रंग त्या लाल पाण्यात तरंगत असतो. म्हणजे रंग गेला मोरीत आणि ताटात वाळत बसली रेती.

तर ढवळून झालं की वीस आकडे मोजा आणि लाल पाणी हलक्या हाताने दुसऱ्या बादलीत ओता, तळातली वाळू सरकायला लागली की थांबा. उरलेलं परत कुटा, परत धुवा, पाणी फिकं येईपर्यंत. जमवलेलं पाणी मलमलच्या फडक्यातून गाळून रात्रभर ठेवा, पेवडी असेल तर दोन दिवस, आणि मधे हलवू नका. वरचं पाणी नितळ झालं की ते मात्र खुशाल टाका. खाली लोण्यासारखा गाळ राहतो, तो चिमटीत चोळून बघा, जरा जरी कचकच लागली तरी परत धुवा. मग सावलीत वाळवून वस्त्रगाळ करा.

बरेच जण विचारतात तुरटी फिरवली तर चालेल का. गाळ लवकर बसतो हे खरं, पण तुरटी रंगात उरते, म्हणून आम्ही वापरत नाही, बादल्या दोन दिवस तशाच ठेवतो. धुतलेला रंग दगडापेक्षा महाग का, तर याच्यामुळे. किलोभर दगडातून कधी कधी पाव किलोसुद्धा रंग निघत नाही, बाकी सगळी वाळू.

शेड प्रत्येक वेळी थोडी वेगळी येणार. आमचा गेरू कोकणातल्या जांभ्याच्या पट्ट्यातला, लाली त्यातल्या लोखंडाची, आणि ते दर खड्ड्यात सारखं नसतं. मोठी भिंत करायची असेल तर लागेल तेवढा रंग एकदमच घ्या. पेवडीतही लोखंडच असतं, लोखंडी तव्यावर खरपूस भाजली तर तिच्यातलं पाणी उडून ती डोळ्यांदेखत लाल होते, एकदा करून बघाच, मुलांना तर फार आवडतं.

नुसती भुकटी पाण्यात कालवली तर वाळल्यावर हाताला लागणारच, तो रंगाचा दोष नाही. कागदासाठी बाभळीचा डिंक हवा. आपल्याकडच्या आणि गोव्यातल्या जुन्या देवळांवरचं कावी काम, म्हणजे भिंतीवरची लाल-पांढरी नक्षी, इतकी वर्षं टिकलं ते काव (लाल माती) चुन्याच्या गिलाव्यात बसली म्हणून. डिंक आमच्याकडे निवडून, कुटून मिळतो. हिंगूळ (लाल) आणि हरताळ (पिवळा) हे खनिज रंग मागू नका, एकात पारा आणि दुसऱ्यात सोमल (आर्सेनिक), दोन्ही विषारी, ते आम्ही ठेवतच नाही.

तुमच्या गावची माती धुऊन हवी असेल तर तेही करून देतो, पण आधी मूठभर पाठवा, रंग निघेल की नाही ते धुऊन बघतो आणि मगच पोतं मागवतो. आणि जून ते सप्टेंबर इकडे गाळ वाळत नाही, त्यामुळे पावसाळ्यात लागणारा रंग मे महिन्यातच सांगून ठेवा.