फ्लोट स्विचचं हेड उतरवण्याआधी चेंबरमधलं तेल बघा
(अमोनिया प्लँट चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

बेदाणा कोल्ड स्टोरेजला येऊ लागला की आमच्या कुपवाडच्या वर्कशॉपमध्ये एकच फोन सारखा वाजतो. "लेव्हल राहत नाही, कंप्रेसरला लिक्विड येतंय, फ्लोट स्विच गेला. नवीन हेड पाठवा." दूध डेअऱ्या आणि बर्फ कारखान्यांकडूनही हेच ऐकायला मिळतं. हेड आमच्याकडे तयार असतात, तरी आम्ही लगेच पार्सल करत नाही, आधी चार गोष्टी विचारतो. काहींना वाटतं, आम्ही वेळ काढतोय. आम्ही असं का करतो, ते इथे सांगतो.

फ्लोट स्विच व्हेसलमधली, म्हणजे लिक्विड अमोनियाच्या टाकीतली, लेव्हल बघतो. त्याचं चेंबर व्हेसलच्या बाजूला वरच्या आणि खालच्या अशा दोन लाईनींनी जोडलेलं असतं. चेंबरमधला पोकळ बॉल लिक्विडवर तरंगतो. त्याच्या दांडीवर लोखंडी नळकांडं असतं. ते वर सरकलं की बाहेरच्या हेडमधलं (स्विचच्या डबीतलं) मॅग्नेट त्याकडे ओढलं जातं आणि मायक्रोस्विच 'टिक' करून पलटतो. मध्ये बंद नळी असल्यामुळे अमोनिया हेडपर्यंत पोचतच नाही. त्यामुळे हेड सहसा लवकर बिघडत नाही. बिघाड बहुतेक वेळा खाली, चेंबरमध्ये असतो, आणि त्याचं कारण असतं कंप्रेसरचं तेल.

तेल अमोनियात विरघळत नाही आणि अमोनियापेक्षा जड असतं, म्हणून ते तळाशी, नेमकं चेंबरच्या खालच्या लाईनमध्ये जाऊन बसतं. थंडीने ते घट्ट होतं. चेंबरमध्ये १०० मिमी तेल साठलं, तर त्याच्या तोलाला व्हेसलमध्ये सुमारे १३५ मिमी अमोनिया उभा राहतो. म्हणजे स्विच दाखवतो त्यापेक्षा खरी लेव्हल वर असते. खालची लाईन पूर्ण तुंबली तर आणखी वाईट. चेंबरमधलं लिक्विड बाहेरच्या उष्णतेने उकळून वरच्या लाईनने निघून जातं, नवीन आत येत नाही, बॉल खाली बसतो. स्विच बिचारा सांगतो "लेव्हल कमी आहे", सोलेनॉईड (व्हेसलमध्ये लिक्विड सोडणारा विजेचा व्हॉल्व्ह) उघडाच राहतो, व्हेसल भरत जातं आणि शेवटी कंप्रेसर ठोकायला लागतो. हेड कितीही नवीन बसवा, तेच होणार.

मागच्या सीझनला एका ग्राहकाने हेड एसटी पार्सलने पाठवलं. आम्ही टेबलावर मॅग्नेटजवळ स्क्रू ड्रायव्हरचं टोक नेलं, टिक. काढलं, पुन्हा टिक. हेड चांगलं आहे म्हणून परत पाठवलं, तर दुसऱ्या दिवशी तीच तक्रार. शेवटी आमचा माणूस गेला. चेंबरच्या ड्रेनमधून काकवीसारखं काळं, दाट तेल निघालं. तेवढं काढल्यावर लेव्हल जागेवर आली. दोन दिवस गेले, आणि तेही गोदामात माल उतरत असताना.

म्हणून हेडला पाना लावण्याआधी लेव्हल कंट्रोलच्या स्विचवर ही चाचणी करा. आधी सोलेनॉईडच्या अलीकडचा हँड व्हॉल्व्ह बंद करा, नाहीतर चाचणी चालू असतानाच व्हेसल भरेल. मग चेंबरचा फक्त खालचा व्हॉल्व्ह बंद करा. वरचा उघडाच ठेवा. लिक्विड भरलेल्या चेंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह कधीही एकदम बंद करू नका. आत अडकलेलं थंड लिक्विड तापून फुगलं की चेंबर फुटू शकतं.

आता थांबा. आतला अमोनिया हळूहळू उकळून वर निघून जाईल. चेंबरवर इन्सुलेशन नसेल तर हेड सांभाळून चेंबरवर बाहेरून साधं पाणी ओता, लवकर होतं. बॉल खाली आला की टिक ऐकू येईल. बराच वेळ थांबूनही टिक नाही आली, तर आत तेल आहे, बॉल अडकलाय किंवा लाईन तुंबून तो आधीच खाली बसलाय. तेल उकळत नाही, बॉल त्याच्यावरच तरंगत राहतो. टिक आली तर खालचा व्हॉल्व्ह सावकाश उघडा. लिक्विड आत शिरलं पाहिजे आणि परत टिक व्हायला पाहिजे. उशीर लागला तर खालची लाईन तुंबलीय. दोन्ही वेळा टिक आली, पण सप्लाय बंद करून मीटर लावल्यावर कॉन्टॅक्ट पलटत नसेल, तर हेड नक्की गेलं. मग खुशाल फोन करा, त्याच दिवशी पाठवू.

तेल काढताना मास्क, हातमोजे, गॉगल आणि शेजारी दुसरा माणूस हवाच. ड्रेन उघडा ठेवून कोणी जागा सोडायची नाही. व्हेसल व्हॅक्यूममध्ये असेल तर तेल निघणार नाही, उलट हवा आत ओढली जाईल.

हेडमध्ये पाणी शिरणं हाही एक त्रास. बर्फ धरणाऱ्या चेंबरवर ग्लँड (हेडमध्ये वायर जाते तिथलं सील) सैल राहिली की दमट हवा आत जाते आणि कॉन्टॅक्ट गंजतात. ग्लँड बदलायला चहा होईपर्यंतचा वेळ लागतो, ती बदला.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. हाय लेव्हल कट-आऊट (लेव्हल फार वर गेली की कंप्रेसर बंद करणारा स्विच) ट्रिप होतोय म्हणून त्याला जंपर मारू नका, म्हणजे वायर जोडून तो बायपास करू नका. "आजचा दिवस निघू दे" म्हणून मारलेला जंपर तसाच राहतो, आणि लिक्विड सिलिंडरमध्ये गेलं की व्हॉल्व्ह प्लेट, पिस्टन, कनेक्टिंग रॉड सगळं हातात येतं. अशा प्लँटवर जंपर काढल्याशिवाय आम्ही कामाला हात लावत नाही.

आमच्या चेंबरला तळाशी ड्रेन व्हॉल्व्ह दिलेलाच असतो. त्यामुळे किंमत थोडी जास्त पडते हे मान्य, पण वर सांगितलेलं तेल त्यातूनच निघतं. ज्यांच्या जुन्या चेंबरला तो नाही, त्यांना आम्ही बसवून देतो. माल यायच्या आधी, डिसेंबर-जानेवारीत बोलावलंत तर चेंबर, सोलेनॉईड आणि कट-आऊट एकाच फेरीत तपासून होतात. मार्चमध्ये आमची माणसं एका प्लँटवरून दुसऱ्यावर पळत असतात.

फोन करताना एवढं सांगा: अमोनिया की फ्रिऑन (दोन्हींचे बॉल वेगळे, फ्रिऑन जड असतो), स्विच लेव्हल कंट्रोलचा की कट-आऊटचा, खालचा व्हॉल्व्ह बंद केल्यावर टिक आली का, आणि तेल शेवटचं कधी काढलं होतं.