मॅट्रिक्सला ३ ने गुणलं की डिटरमिनंट तिप्पट होतो का? नाही!

बारावीच्या प्रिलिमला माझे दोन मार्क गेले ते दोन उभ्या रेघांपायी. चौकोनी कंस असला की मॅट्रिक्स, उभ्या रेघा असल्या की डिटरमिनंट, एवढं पाठ होतं, पण आतले आकडे तर तेच दिसतात ना, मग नियमही तेच असणार असं धरून चाललो आणि बरोब्बर तिथेच गंडलो.

मॅट्रिक्स म्हंजे नुसता तक्ता. त्याची "किंमत" वगैरे काही नसते. डिटरमिनंट म्हंजे त्या तक्त्यातून काढलेला एकच आकडा, आणि तोही तक्ता चौरस असेल तरच निघतो. मराठी मीडियमवाल्यांना हा दहावीतच समीकरणं सोडवायच्या क्रेमरच्या पद्धतीत "निश्चयक" म्हणून भेटतो आणि मॅट्रिक्स नंतर ज्युनियर कॉलेजात, त्यामुळे अजून गोंधळ. गंमत म्हंजे इतिहासातही क्रम हाच आहे, क्रेमरची पद्धत १७५० ची आणि मॅट्रिक्स हा शब्द गणितज्ञ सिल्वेस्टरने आणला १८५० मध्ये.

आता माझी चूक बघा. पहिली रो (आडवी ओळ) २, १ आणि दुसरी ३, ४. डिटरमिनंट तिरक्या गुणाकारांची वजाबाकी, २×४ वजा १×३, म्हणजे ५. आता मॅट्रिक्सला ३ ने गुणायचं तर प्रत्येक आकड्याला गुणावं लागतं, कुणालाच सूट नाही, मग रो होतात ६, ३ आणि ९, १२. हिचा डिटरमिनंट? ७२ वजा २७, ४५. मी बिनधास्त १५ लिहून आलो होतो. १५ कधी येतो, तर फक्त एकाच रोला ३ ने गुणलं की: ६, ३ आणि ३, ४, म्हणजे २४ वजा ९. डिटरमिनंटमध्ये ३ बाहेर काढायचा तर तो एका रोतून किंवा एका कॉलममधून (उभ्या ओळीतून) निघतो, मॅट्रिक्समध्ये मात्र सगळ्यांतून एकदम.

हे डोक्यात बसवायला प्लॉट आठवा. दोन बाय दोनचा डिटरमिनंट (चिन्ह सोडलं तर) म्हंजे त्या दोन रोंनी बनणाऱ्या समांतरभुज चौकोनाचं क्षेत्रफळ. एका गुंठ्याच्या प्लॉटची नुसती लांबी तिप्पट केली तर तीन गुंठे, लांबी-रुंदी दोन्ही तिप्पट केली तर नऊ. तीन बाय तीनला हेच २७ पट होतं, कारण तिथे घनफळ आलं.

बेरजेत तर डिटरमिनंट अजिबात साथ देत नाही. वरच्या मॅट्रिक्समध्ये १, ० आणि ०, १ वाली आयडेंटिटी (तिचा डिटरमिनंट १) मिळवा, रो येतात ३, १ आणि ३, ५, डिटरमिनंट १२. ५ अधिक १ करून ६ येईल म्हणणारे माझ्याच पंगतीतले.

गुणाकारात मात्र तो एकदम सरळ वागतो, उलट मॅट्रिक्सच नखरे करते. १, २ आणि ०, १ ही दुसरी मॅट्रिक्स घ्या. पहिली गुणिले दुसरी केलं तर २, ५ आणि ३, १०. क्रम फिरवला तर ८, ९ आणि ३, ४. दोन्ही तक्ते पार वेगळे, पण डिटरमिनंट काढून बघा, दोन्हीकडे ५, म्हंजे पहिलीचा ५ गुणिले दुसरीचा १.