अटलांटिकपार उड्डाणाचे नियोजन

अटलांटिकपार उड्डाणाचे नियोजन : युरोप व उत्तर अमेरिका यांमधील महासागर ओलांडणाऱ्या विमानाचा मार्ग, उंची, इंधन आणि अडचणीत गाठायचे विमानतळ आधीच ठरवण्याचे काम. विमान कंपनीत ते डिस्पॅचर (जमिनीवरून उड्डाणाची आखणी करणारा अधिकारी) करतो व कप्तान त्यावर सही करतो. ठाणे-नवी मुंबईत घरच्या सिम्युलेटरवर लंडन–न्यूयॉर्क (सुमारे ५,५५० किमी., म्हणजे ३,००० सागरी मैल) उडवणारे हौशी लोकही हाच क्रम पाळतात.

नियमित वाहतुकीचा आरंभ कोणता मानावा याबद्दल एकमत नाही. अल्कॉक व ब्राउन यांनी १४-१५ जून १९१९ रोजी न्यूफाउंडलंडहून आयर्लंड गाठले. पुढच्याच महिन्यात आर-३४ हे हवाई जहाज (हलक्या वायूवर तरंगणारे) ब्रिटनहून अमेरिकेला जाऊन परतले. हवाई जहाजे जमेस धरली, तर १९३६ मधील हिंडेनबर्गच्या प्रवासी फेऱ्यांना अग्रमान द्यावा लागतो. केवळ विमानांचा विचार केल्यास पॅन ॲमच्या १९३९ मधील उडत्या नौकांपासून (पाण्यावर उतरणाऱ्या विमानांपासून) आरंभ धरणे अधिक युक्त वाटते. जेट सेवा ४ ऑक्टोबर १९५८ रोजी कॉमेट विमानाने सुरू झाली. पश्चिमेकडे जाताना त्याला इंधनासाठी न्यूफाउंडलंडमधील गँडरला उतरावे लागे. एअर इंडियाची बोइंग ७०७ विमाने मे १९६० पासून लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागली.

मार्ग : नकाशावरचे सर्वांत जवळचे अंतर क्वचितच सर्वांत कमी वेळेचे असते. पूर्वेकडे जाताना जेट प्रवाह (उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वारा) पाठीशी घ्यायचा आणि पश्चिमेकडे जाताना तो टाळायचा. सगळ्यांना साधारण तेच वारे सोयीचे असल्याने गर्दी एका पट्ट्यात होते. म्हणून १९६० च्या दशकात संघटित ट्रॅक (समांतर ठरावीक मार्ग) आखण्याची पद्धत आली. हे ट्रॅक रोज दोनदा नव्याने आखून संदेशाने कळवले जातात. ३०° प. रेखावृत्तावर पश्चिमगामी ट्रॅक ११३० ते १९०० यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ; भारतीय वेळ संध्याकाळी ५ ते रात्री १२:३०) आणि पूर्वगामी ०१०० ते ०८०० यूटीसी (सकाळी ६:३० ते दुपारी १:३०) लागू असतात. पश्चिमगामींना उत्तरेकडून ए, बी, सी अशी नावे देतात, पूर्वगामींना दक्षिणेकडून झेडपासून उलटी. ट्रॅकच्या संदेशाचा क्रमांक हा वर्षातला दिवस असतो. १ फेब्रुवारीचा ०३२. कालच्या संदेशावरून आजचा मार्ग भरला (उड्डाण योजनेत नोंदवला) गेला, तर तो याच आकड्यावरून पकडला जातो. मार्च २०२२ पासून ३३,००० फूट व त्याखालील पातळ्यांवर ट्रॅक आखले जात नाहीत. तेथे स्वतंत्र मार्ग भरता येतो.

बिंदूंची नोंद : सर्वांत जास्त घोटाळे येथे होतात. उड्डाण संगणकात ‘५२५०एन’ म्हणजे ५२° उ., ५०° प.; पण ‘एन५२५०’ म्हणजे ५२° ३०′ उ., ५०° प. एका अक्षराची जागा चुकली की विमान अर्धा अंश, म्हणजे ३० सागरी मैल, बाजूला जाते आणि तेथे शेजारच्या ट्रॅकवर दुसरे विमान असू शकते. म्हणून अर्ध्या अंशासाठी ‘एच५२५०’ अशी वेगळी नोंद सुचवली गेली. दोन बिंदूंमधले अंतर व दिशा कागदाशी ताडून पाहणे पुरेसे नाही, कारण या चुकीने अंतर फारसे बदलत नाही. दोन्ही वैमानिकांनी पूर्ण अक्षांश-रेखांश उघडून वाचावेत. बिंदू ओलांडल्यावर साधारण १० मिनिटांनी स्थान पुन्हा नकाशावर टिपावे.

समवेळ बिंदू : येथून पुढचा व मागचा विमानतळ गाठायला सारखाच वेळ लागतो. एक इंजिन बंद पडल्यास पुढे जायचे की मागे फिरायचे, हे या बिंदूवरून ठरते. मागील विमानतळापासून त्याचे अंतर = एकूण अंतर × परतीचा भूवेग ÷ (पुढचा भूवेग + परतीचा भूवेग). भूवेग म्हणजे वारा धरून जमिनीच्या सापेक्ष पडणारा वेग. शॅनन (आयर्लंड)–गँडर अंतर १,७०० सागरी मैल, एका इंजिनावरचा हवेतील वेग ४०० नॉट (ताशी सागरी मैल) व समोरून ६० नॉट वारा धरल्यास, १,७०० × ४६० ÷ ८०० = ९७८. म्हणजे मध्यापासून १२८ मैल पुढे, गँडरच्या बाजूला. दोन इंजिनांच्या विमानाला विमानतळापासून किती दूर जाता येईल याची १२० मिनिटांची परवानगी मात्र एका इंजिनावर, वारा नसलेल्या हवेतील अंतरावर मोजतात, म्हणजे येथे ८०० मैल. शॅनन व गँडरभोवती काढलेल्या वर्तुळांमध्ये १०० मैलांची फट राहते. ती आइसलँडमधील केफ्लाविकमुळे भरते. केफ्लाविकला हवामान बिघडल्याचा अंदाज असेल, तर कागदावरचा सगळा मार्ग दक्षिणेकडे सरकवावा लागतो किंवा जास्त मिनिटांची परवानगी असलेले विमान लावावे लागते.

इंधन : टॅक्सी (धावपट्टीपर्यंत जमिनीवर चालणे), प्रवास, प्रवासाच्या इंधनावर सामान्यतः ५ टक्के आकस्मिक साठा, पर्यायी विमानतळापर्यंतचे आणि शेवटी ३० मिनिटे घिरट्या घालण्यापुरते. प्रवासाला ५५ टन लागत असतील, तर आकस्मिक साठा पावणेतीन टन. शिवाय समवेळ बिंदूवर केबिनमधील दाब गेला, तर १०,००० फुटांवर उतरून जावे लागते. तेथे इंजिने जास्त इंधन पितात, हेही तपासावे लागते. ‘असू दे थोडे जास्त’ म्हणून ५ टन वाढवले, तर सात तासांत त्यातले टनभर केवळ ते वाहून नेण्यातच जळते.

पर्यायी विमानतळ जवळचा असावा, पण त्याच ढगाखालचा नसावा. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर हिमवादळ असेल, तर शेजारचा नेवार्क उपयोगी पडत नाही. नवी मुंबई विमानतळावर (प्रवासी वाहतूक २५ डिसेंबर २०२५ पासून) हाच प्रश्न पावसाळ्यात येतो : मुंबई विमानतळ तेथून सरळ रेषेत २५ किमी.च्या आसपास असल्याने मुसळधार पावसात दोन्हीकडे एकदमच दिसेनासे होते, आणि इंधन अहमदाबाद किंवा हैदराबादपर्यंतचे भरावे लागते.

मुंबईहून न्यूयॉर्कच्या थेट उड्डाणात महासागर शेवटच्या टप्प्यात येतो. रात्री २ वाजता (२०३० यूटीसी) निघालेले विमान साडेदहा तासांनी ३०° प. वर आले, तर तेथे ०७०० यूटीसी झालेले असतात आणि पूर्वगामी ट्रॅक अजून चालू असतात. अशा वेळी त्या लोंढ्याच्या उत्तरेकडून स्वतंत्र मार्ग भरतात.