गाडी नवी, सवयी फियाटच्या

सकाळी साडेसहाला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये बादलीचा आवाज येतो, एक बादली पाणी, एक फडकं आणि दहा-बारा गाड्या, पहिल्या गाडीची धूळ त्या पाण्यात आणि त्याच पाण्याने शेवटच्या गाडीचं बॉनेट. पुसणाऱ्या भाऊंचा यात काही दोष नाही, त्यांना जसं शिकवलं तसं ते करतात, आणि ज्यांनी शिकवलं त्यांच्या काळात ते चालून जायचं. मला बरेच दिवस हे लिहायचं होतं, की गाडीचा रंग, क्रोम, रबर, ऑइल, कूलंट यांची काळजी घ्यायच्या आपल्या बहुतेक सवयी कुठल्यातरी जुन्या गाडीसाठी बरोबर होत्या. गाडी बदलली, रंग बदलला, सवय तीच राहिली. म्हणून ती सवय आली कुठून हे एकदा बघून घेऊया.

माझं गाडीशी नातं जुळलं ते बाबांच्या प्रीमिअर पद्मिनीमुळे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट तयार व्हायला लागल्या, १९६४ मध्ये ११०० डिलाइट आली आणि तीच गाडी १९७४ पासून पद्मिनी नावाने विकली गेली. १०८९ सीसीचं इंजिन, मागे पाटे म्हणजे एकावर एक पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, पुढेमागे लोखंडी बंपर आणि त्यावर क्रोम. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे लोक, त्यामुळे गाडी आली की तिला जपणं हे घरातलं कामच असायचं. दर दिवाळीच्या आधी बाबा कंपाउंडचा, म्हणजे रंग घासायच्या खरखरीत पेस्टचा डबा काढायचे, जुन्या बनियनचा बोळा करायचे आणि बॉनेट घासायला बसायचे, बनियनला निळा रंग लागायचा आणि गाडी अशी चमकायची की त्यात तोंड दिसावं.

आता ही घासायची पद्धत आली कशी ते बघा. मोटारी नव्या होत्या तेव्हा त्यांना घोडागाडीचाच रंग लावायचे, तेलातला रंग आणि वर व्हार्निश, सगळं ब्रशने, थर वाळला की घासायचा, परत थर, आणि एका गाडीला आठवडेच्या आठवडे लागायचे. फोर्डने १९१४ ते १९२५ या काळात मॉडेल टी फक्त काळ्या रंगात दिली ती यामुळेच, डांबरासारख्या पदार्थापासून केलेलं काळं इनॅमल भट्टीत भाजलं की लवकर पक्कं व्हायचं, स्वस्त पडायचं, टिकायचं. मग पहिलं महायुद्ध संपलं, स्फोटकांसाठी नायट्रोसेल्युलोज बनवणारे कारखाने तयार होते, आणि अमेरिकेतल्या ड्युपाँटने त्याच नायट्रोसेल्युलोजचं लॅकर काढलं, नाव ठेवलं ड्युको. १९२३ मध्ये जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर ते निळ्या रंगात आलं आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. आपल्याकडे सुतार आजही कपाटाला स्प्रेने चकचकीत रंग मारायचा असला की 'ड्युको करू का' असं विचारतात, ते हेच ड्युको, शंभर वर्षं होऊन गेली तरी शब्द जिवंत आहे.

आणि लॅकर हा शब्द तर आपलाच. संस्कृतातली लाक्षा, आपली लाख, झाडावरच्या किड्यापासून मिळणारी, ती फारसी-अरबी-पोर्तुगीज असा प्रवास करत युरोपात गेली आणि लॅकर होऊन परत आली. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवरची लाख आणि ओकलंडच्या बॉनेटवरचं लॅकर यांचं रसायन वेगळं, नाव मात्र एकाच घरातलं. मला ही गोष्ट फार आवडते.

तर मुद्दा असा की हे नायट्रोसेल्युलोज लॅकर स्प्रे गनमधून उडवलं की वाळल्यावर मंद दिसायचं. चमक त्यात आपोआप नव्हती, ती घासून काढावी लागायची, आधी वॉटर पेपर म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर, मग कंपाउंड, मग पॉलिश, आणि हे कारखान्यातच व्हायचं. म्हणजे घासणं हा रंगकामाचाच शेवटचा टप्पा होता. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये पेंटर मंडळी हेच शिकली, पत्रा ठोकायचा, लांबी म्हणजे पुट्टी भरायची, घासायचं, सरफेसर म्हणजे रंगाखालचा सपाट करणारा थर, एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा रंग, आणि शेवटी कंपाउंड मारून चमक काढायची. त्यात ते रंग एकाच थराचे, म्हणजे रंगद्रव्य अगदी वरपर्यंत, उन्हाने वरचा भाग भुकटीसारखा व्हायचा, बोट फिरवलं तर बोटाला पांढुरकं लागायचं. तो मेलेला थर काढला की खाली ताजा रंग. बाबांच्या बनियनला लागलेला निळा रंग म्हणजे हाच मेलेला थर, आणि बाबा करत होते ते त्या गाडीसाठी योग्यच होतं. फक्त दरवर्षी थोडा चांगला रंगही जायचा, आमच्या गाडीच्या बॉनेटच्या कडांवर शेवटी खालचा प्रायमर दिसायला लागला होता, आणि तेव्हा परत पेंटिंग एवढा एकच उपाय.

१९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० आली आणि भारतात कारखान्याच्या भट्टीत पक्का झालेला रंग हळूहळू सगळ्यांच्या दारात आला. पण खरा बदल म्हणजे क्लिअर कोट. मेटॅलिक रंगातली ॲल्युमिनियमची चमकी उघडी ठेवली तर खराब होते म्हणून तिच्यावर पारदर्शक थर द्यायला सुरुवात झाली, १९८० च्या दशकात ही पद्धत जगभर पसरली आणि आज साध्या रंगाच्या बहुतेक गाड्यांवरही ती असते. आजच्या गाडीचा पत्रा कापून बघितला तर सगळ्यात खाली फॉस्फेटचा थर, मग विजेच्या साहाय्याने टाकीत बुडवून बसवलेला प्रायमर, हे तंत्र फोर्डने १९६० च्या दशकात आणलं आणि त्यानंतर दारांच्या आतल्या पोकळीतला गंजसुद्धा कमी झाला, त्यावर सरफेसर, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि त्यात क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे तुमच्या गाडीची सगळी चमक आणि उन्हापासूनचं सगळं संरक्षण केसापेक्षा पातळ थरात आहे, आणि तो एकदा घासून गेला की खाली ताजं काही निघत नाही. दर दिवाळीला कंपाउंड मारायची पद्धत इथे सरळ नुकसान करते.

बादलीचंही तसंच. जुन्या मऊ लॅकरवर ओरखडे पडले तरी वर्षाअखेर घासून जायचे. क्लिअर कोटवर ओल्या फडक्यातली माती गोल गोल फिरली की कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा उठतात, काळ्या गाडीवर उन्हात बघा, लगेच दिसतील. त्यासाठी महागडं काही लागत नाही, आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहू द्यायची, मग शाम्पूच्या पाण्यात मायक्रोफायबर, आणि फडकं धुवायला वेगळी बादली. कोरडं फडकं मारायचं तर नाहीच. दसऱ्याला आपण गाडी धुतो, हार घालतो, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढतो, ते काढावंच, पण संध्याकाळी ओल्या मऊ कापडाने पुसून घ्यावं कारण आजच्या कुंकवात रंग मिसळलेले असतात आणि रात्रीचं दव आणि दुसऱ्या दिवशीचं ऊन मिळालं की डाग धरतो. कबुतराची घाण त्याहून वाईट, उन्हात क्लिअर कोट मऊ पडतो, घाण वाळून आकसते आणि थंड होताना तिची आकृती रंगात बसते, मग कितीही पुसा.

मेण मात्र जुनंच चांगलं. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं कारनौबा मेण ८२ अंशांच्या पुढे वितळतं, मधमाशीचं मेण ६२-६४ लाच, आणि आपल्या मे महिन्यात टपाला हात लावता येत नाही म्हटल्यावर कारनौबा का निवडलं हे वेगळं सांगायला नको.

क्रोमचा इतिहास छोटा पण बोलका आहे. सुरुवातीच्या गाड्यांवर पितळ होतं, रोज घासावं लागायचं, मग निकेल आलं ते पिवळं पडायचं, १९२० च्या दशकात त्यावर क्रोमचा थर द्यायला लागले. हा क्रोमचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो, गंजापासून वाचवतं ते खालचं निकेल, आणि क्रोमला सूक्ष्म छिद्रं असतात. रत्नागिरी-मालवणकडे खारी हवा त्या छिद्रांतून आत जाते आणि फोड येतात, म्हणून तिकडे क्रोमवर मेण लावून ठेवायची सवय खरंच उपयोगाची. पुढे अमेरिकेत १९७० च्या दशकात कमी वेगाच्या धडकेत गाडीचं नुकसान होऊ नये असे बंपरचे नियम आले, जगभर प्लॅस्टिक बंपर वाढले, आणि काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचं, म्हणजे ट्रिमचं राज्य सुरू झालं. या प्लॅस्टिकमध्ये कार्बनची काजळी घातलेली असते, ती ऊन शोषते, पण वर्षानुवर्षं उन्हात उभं राहिलं की वरचा पापुद्रा तुटत जातो आणि राखाडी दिसायला लागतं.

इथे एक सवय सांगितलीच पाहिजे, कारण ती मला अजून सर्व्हिसिंगला गेलं की दिसते. गाडी धुऊन झाली की खालून डिझेल आणि जळकं ऑइल मिसळून फवारा मारायचा, वरून त्याच फडक्याने बंपर, बीडिंग, टायर काळेभोर करायचे. ही सवय पाट्यांच्या काळातली आहे. पद्मिनीला मागे पाटे होते, पाट्यांच्या पानांमध्ये पाणी गेलं की कुईकुई आवाज यायचा, गंज चढायचा, ऑइल मारलं की शांत. आजच्या गाडीत खाली कॉइल स्प्रिंग आणि सांध्यांमध्ये ठिकठिकाणी धक्के झेलणारे रबरी बुश आहेत, आणि डिझेल लागलं की रबर फुगतं, मऊ पडतं, लवकर जातं. एकदा एका गॅरेजमध्ये मी नको म्हणून सांगितलं होतं तरी फवारा मारलेला निघाला, सहा महिन्यांत खडखड सुरू झाली, बुश बदलावे लागले. तेव्हापासून मी गाडी धुताना स्वतः तिथे उभा राहतो.

आता इंजिनाकडे. इंजिन ऑइलच्या गोष्टीत आपलं एरंडेल येतं हे खूप जणांना माहीत नसतं. इंग्लंडमध्ये चार्ल्स वेकफिल्ड यांनी १८९९ मध्ये कंपनी काढली, ती ऑइलमध्ये एरंडेल मिसळायची, आणि १९०९ मध्ये एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच कॅस्ट्रॉल हे नाव आलं. एरंडेल गरम लोखंडाला चिकटून राहतं, म्हणून विमानं आणि शर्यतीच्या गाड्यांत ते फार चालायचं, पण तापून तापून त्याचा चिकट डिंक होतो, त्यामुळे ऑइल सारखं बदलावं लागायचं. पुढे साध्या गाड्यांत खनिज तेलच रूढ झालं, १९११ मध्ये घट्टपणा मोजायची एसएई पद्धत आली, मग त्यात मळ धरून ठेवणारे डिटर्जंट आले. डिटर्जंट नसलेल्या ऑइलमध्ये काजळी इंजिनाच्या तळाशी बसायची आणि ऑइल वरवर स्वच्छ दिसायचं. डिटर्जंटवालं ऑइल काजळी स्वतःत घेऊन फिरतं म्हणून काळं होतं. 'ऑइल काळं झालं म्हणजे खराब' ही ओरड त्या जुन्या, डिटर्जंट नसलेल्या ऑइलच्या काळातली आहे, खरं तर काळं ऑइल आपलं काम करत असतं आणि बदलायचं ते किलोमीटर आणि महिने बघून. जुन्या पद्मिनीला २० डब्ल्यू ५० नंबरचं घट्ट ऑइल चालायचं म्हणून आजच्या गाडीत 'आपल्याकडे गरम असतं' म्हणत तेच घट्ट ऑइल ओतणारे अजून भेटतात. नव्या इंजिनात फटी बारीक आहेत, मॅन्युअलमध्ये जो नंबर आहे तोच घ्यावा.

कूलंटची आठवण म्हणजे बोरघाट. एक्सप्रेसवे व्हायच्या आधी खंडाळ्याच्या चढणीला बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्या, वाफ, आणि हातात पाण्याचा कॅन घेतलेली माणसं, हे दृश्य ज्यांनी बघितलंय त्यांच्या डोक्यात रेडिएटर म्हणजे पाणी हे पक्कं बसलेलं आहे. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून आधी अल्कोहोल घालायचे, ते उडून जायचं, १९२० च्या दशकाच्या शेवटी इथिलीन ग्लायकॉल बाजारात आलं. आपल्याकडे गोठायचा प्रश्न नाही म्हणून 'कूलंट कशाला' असं वाटणं साहजिक होतं. पण निम्मं निम्मं मिश्रण साध्या हवेच्या दाबाला १०७ अंशांच्या आसपास उकळतं, वर प्रेशरची कॅप कुकरच्या झाकणासारखं काम करते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यात गंज रोखणारी द्रव्यं असतात. ॲल्युमिनियमचा हेड, ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणि त्यात बोअरचं क्षाराचं पाणी, की आतून पांढरे थर चढलेच. पातळी कमी झाली तर डिस्टिल्ड वॉटर चालतं, नळाचं नको. आणि इंजिन गरम असताना कॅप उघडायची नाही, हे घाटातल्या अनुभवी लोकांना कधी सांगावं लागलं नाही.

ब्रेक ऑइलमध्ये परत एरंडेल. अमेरिकेत माल्कम लॉकहीड यांनी हायड्रॉलिक ब्रेक आणले, १९२१ मध्ये डुसेनबर्ग गाडीत ते आले, आणि सुरुवातीच्या काळात अशा ब्रेकमध्ये एरंडेल आणि अल्कोहोलचा द्रवही चालायचा. पुढे ग्लायकॉलचे द्रव आले जे आजही बहुतेक गाड्यांत आहेत. यांचा स्वभाव म्हणजे हवेतलं पाणी ओढून घेणं. डॉट ३ (डॉट ३, डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे दर्जे) नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की ही मर्यादा १४० वर येते, डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. पावसाळ्यात चार महिने भिजलेली गाडी घेऊन आंबोली किंवा आंबेनळी घाट उतरताना सारखा ब्रेक दाबला की पाण्याची वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. जुनी माणसं ब्रेक ऑइल फक्त कमी झालं तरच टाकायची, कारण जुन्या ड्रम ब्रेकच्या गाड्यांत चाकाजवळून ते गळायचंच आणि आपोआप थोडं थोडं नवं जायचं. आता गळत नाही, म्हणून तेच जुनं द्रव वर्षानुवर्षं आत राहतं. दर दोन वर्षांनी पूर्ण बदलून घ्यावं, आणि टाकताना एक थेंब जरी मडगार्डवर सांडला तरी लगेच पाणी ओतावं, कारण हे द्रव रंग सोलून काढतं. बाबांच्या गाडीच्या डाव्या मडगार्डवर बॉनेटच्या कडेला रुपयाएवढा एक उघडा पत्रा होता, तो असाच.