इम्पेरियम (चित्रपट)

इम्पेरियम : (२०१६). गोऱ्या वर्णवर्चस्ववादी गटांत वेषांतर करून शिरलेल्या तपास अधिकाऱ्यावरील अमेरिकन थरारपट. दिग्दर्शन व पटकथा डॅनियल रॅगसिस यांची. पूर्ण लांबीचा हा त्यांचा पहिलाच चित्रपट. ऑगस्ट २०१६ मध्ये तो मोजक्या चित्रपटगृहांत आणि ऑनलाइन असा एकदमच आला. त्याची चर्चा गुणांच्या मानाने कमी झाली, ती बहुधा यामुळेच.

शीर्षकाचा उलगडा दोन प्रकारे करता येतो. ‘इम्पेरियम’ म्हणजे प्राचीन रोममधील उच्चाधिकाऱ्याचा आज्ञाधिकार, विशेषतः सैन्यावरचा. मात्र फ्रान्सिस पार्कर यॉकी या अमेरिकन वकिलाने १९४८ मध्ये ‘युलिक व्हॅरेंज’ या टोपणनावाने याच नावाचा ग्रंथ काढला होता आणि युद्धोत्तर नवनाझी वर्तुळांत तो प्रमाण मानला गेला. विषय पाहता दुसरा उलगडा अधिक पटतो. अर्थात ग्रंथाचे नावही मूळ रोमनच.

कथेत रॅगसिस यांच्यासह एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेचे माजी अधिकारी मायकेल जर्मन यांचा वाटा आहे. जर्मन १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात लॉस एंजेलिसमधील नवनाझी गटांत वावरले होते. चित्रपटाने काळ व स्थळ दोन्ही बदलले असून नायक नेट फॉस्टर (डॅनियल रॅडक्लिफ) हा टेबलावर बसून काम करणारा पुस्तकी विश्लेषक आहे. त्यामुळे याला सत्यकथा न म्हणता अनुभवाधारित कल्पित म्हणणे रास्त.

कथानकाचा धागा म्हणजे बेपत्ता झालेले सीझियम-१३७ हे किरणोत्सारी द्रव्य. या समस्थानिकाचा अर्धायुकाल (किरणोत्सार निम्म्यावर येण्यास लागणारा काळ) सुमारे ३० वर्षे आहे. पूर्वीच्या कर्करोगावरील किरणोपचाराच्या यंत्रांत ते क्लोराइडच्या रूपात भरलेले असे. हे चूर्ण पाण्यात सहज विरघळते, म्हणून एकदा सांडले की आवरणे कठीण. ब्राझीलमधील गोइयानिया येथे १९८७ मध्ये एका बंद दवाखान्यातील यंत्र भंगारात फोडले गेले आणि चार जण दगावले. तेथे बॉम्ब नव्हता, कटही नव्हता. साध्या स्फोटकासोबत असे द्रव्य उधळायचे, ही ‘डर्टी बॉम्ब’ची कल्पना चित्रपटातील भीतीच्या मुळाशी आहे.

नेटची वरिष्ठ अँजेला झँपारो (टोनी कोलेट) त्याला या कामगिरीवर धाडते. आरशासमोर डोके भादरून तो मुंडण केलेल्या टोळक्यात शिरतो. पुढे रेडिओवरील प्रचारक डॅलस वुल्फपर्यंत (ट्रेसी लेट्स) पोचतो. आरडाओरडा करणारे हे सगळे अखेर बोलघेवडेच ठरतात. खरा धोका जेरी कॉनवे (सॅम ट्रॅमेल) या शांत, सुसंस्कृत गृहस्थाच्या घरी असतो. त्याच्या अंगणातील मेजवानीत मुलांसाठी केलेल्या छोट्या केकांवर नाझी स्वस्तिक काढलेले दिसते. त्या कौटुंबिक दृश्याने जी धडकी भरते, ती एकाही मारामारीने भरत नाही. रॅडक्लिफ यांची किरकोळ देहयष्टी काहींना खटकली. वस्तुतः नेट टिकतो तो जिभेच्या जोरावर, त्यामुळे निवड चुकलेली वाटत नाही.

चित्रीकरण व्हर्जिनिया राज्यात झाले.